लाईट जाण्यापेक्षा परत येणं अवघड: छोट्या सर्व्हर रूमसाठी यूपीएस सॉफ्टवेअरची सेटिंग

मे महिन्यातली रात्र. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका संस्थेच्या सर्व्हर रूमची जबाबदारी माझ्याकडे होती. दीडला लाईट गेली. यूपीएसनं सव्वा तास दम धरला आणि पावणेतीनला बॅटरी संपून सगळं धाडकन बंद पडलं. चारला लाईट आली, सर्व्हर आपोआप उठले, डेटाबेसनं स्वतःची दुरुस्ती सुरू केली आणि बारा मिनिटांनी लाईट पुन्हा गेली. पाच वाजता परत तोच खेळ. सहाला रखवालदार मामांचा फोन: "सर, लाईट आल्याय की, मग मशीन का चालू होईना?" बॅकअपवरून सगळं उभं करायला दोन दिवस गेले.

नंतर लॉग चाळले तेव्हा कळलं की पावणेतीनच्या धक्क्यातून डेटाबेस वाचला होता. तो मेला चारनंतरच्या दुसऱ्या धक्क्यात. बाजारातल्या बहुतेक यूपीएस सॉफ्टवेअरची मूळ सेटिंग असं धरून चालते की लाईट एकदा जाते, मग येते आणि टिकते. आपल्याकडे ती येते, गावातल्या सगळ्या मोटारी आणि फ्रिज एकदम सुरू होतात, डीपीवरचा फ्यूज उडतो आणि पुन्हा अंधार. म्हणून खालच्या सेटिंगमध्ये सर्व्हर नीट बंद करण्याइतकंच लक्ष तो घाईनं चालू होऊ नये याकडे दिलं आहे.

सॉफ्टवेअर आहे नेटवर्क यूपीएस टूल्स, ज्याला सगळे 'नट' म्हणतात. ते फुकट आहे, लिनक्सच्या प्रत्येक प्रमुख वितरणात मिळतं आणि देशी-विदेशी शेकडो यूपीएसशी बोलतं. कंपनीचं विकतचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर सेटिंगची नावं वेगळी असतील, हिशेब हाच राहील. फाइलींची आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजीत.

आधी घड्याळ, मग कीबोर्ड

कुठलीही फाइल उघडण्याआधी दोन गोष्टी स्वतः मोजा.

पहिली, प्रत्येक मशीन नीट बंद व्हायला किती वेळ घेतं. रविवारी, बॅकअप घेतल्यावर, मोबाईलचं स्टॉपवॉच लावून एकेक बंद करा. माझ्याकडे पाच व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरच्या पोटात चालणारे आभासी कॉम्प्युटर) चालवणाऱ्या सर्व्हरला ७ मिनिटं लागली, डेटाबेसला ४ मिनिटं १० सेकंद, स्टोरेजला ३ मिनिटं. इथे एक छुपा खड्डा आहे. लिनक्समध्ये सेवा चालू-बंद करणारं सिस्टमडी कुठल्याही सेवेला थांबायला मुळात ९० सेकंद देतं आणि मग तिला जबरदस्तीनं मारतं. मारियाडीबीसारख्या डेटाबेसच्या पॅकेजात ही मुदत वाढवलेली असते, पण एखाद्या विक्रेत्यानं हातानं बसवलेल्या सेवेत ती बहुधा तशीच राहते. तिथे टाइमआउट-स्टॉप-सेक वाढवून ठेवा. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्स या सॉफ्टवेअरमध्येही मशीनला बंद व्हायला मुळात १८० सेकंदच मिळतात, आणि बाहेरची आज्ञा आत पोचवणारा गेस्ट एजंट मशीनमध्ये नसेल तर विंडोज मशीन कधीकधी हूं की चूं करत नाही.

दुसरी, बॅटरी खरोखर किती वेळ टिकते. यूपीएसच्या पॅनेलवरचा आकडा विसरा. आमचा ६ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस, त्यावर १२ व्होल्ट २६ एएचच्या १६ बॅटऱ्या, म्हणजे १९२ व्होल्टची बँक. सर्व्हरचा लोड साधारण १४०० वॅट. हा आकडा सर्व्हरच्या आयपीएमआयमधून मिळतो, म्हणजे सर्व्हर बंद असतानाही नेटवर्कवरून त्याच्याशी बोलता येतं त्या सोयीतून. डेलच्या आयड्रॅक किंवा एचपीच्या आयएलओच्या पानावरही दिसतो. नव्या बॅटऱ्यांवर दोन तास मिळायचे. दोन उन्हाळे काढल्यावर मिळाली १ तास २० मिनिटं. शिशाच्या सीलबंद बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांना साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२ असताना एसी नसलेल्या बॅटरीच्या खोलीत काय होत असेल ते सांगायला नको. बॅटऱ्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, एवढंच.

ही चाचणी सर्व्हर लावून करू नये. मंडपवाल्याकडून ५०० वॅटचे तीन हॅलोजन एका दिवसासाठी आणले आणि सर्व्हरऐवजी ते पेटवले. इस्त्री किंवा गिझर लावाल तर त्यांचा थर्मोस्टॅट मधूनच बंद होतो आणि आकडा चुकतो.

बंद करण्याचा क्रम धरून मला एकूण १२ मिनिटं लागतात. त्याच्या दुप्पट म्हणजे २४, वर एक मिनिट. २५ मिनिटांचं चार्ज उरलं की आवरायला घ्यायचं. पुढचं सगळं या आकड्यावर उभं आहे.

कोणावर काय बसवायचं

यूपीएसची यूएसबी केबल ज्या मशीनला लागते ते 'प्रायमरी'. ते यूपीएसशी बोलतं आणि बाकीच्या 'सेकंडरी' मशीनना नेटवर्कवरून बातमी देतं. २०२२ मध्ये आलेल्या २.८.० आवृत्तीच्या आधी यांना मास्टर आणि स्लेव्ह म्हणत. जुन्या लेखांत ते शब्द दिसले तर गोंधळू नका. प्रायमरीसाठी मोठा सर्व्हर वापरायची चूक मी एकदा केली. आता तिथे रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर आहे, मेमरी कार्डऐवजी छोट्या एसएसडीवर चालणारा. सर्व्हर झोपलेले असताना कुणीतरी जागं राहायला हवं, आणि त्याचा वीजखर्च मोबाईल चार्जरइतकाच.

नेटवर्क स्विच यूपीएसवर आहे का, हे आत्ता उठून बघा. मी दोन ठिकाणी तो भिंतीवरच्या साध्या बोर्डात खोचलेला पाहिला आहे. लाईट गेली की स्विच त्याच क्षणी मरतो. सेकंडरीला शेवटची माहिती 'लाईट आहे' अशीच असते, पुढे काही कळत नाही, आणि तो बॅटरी संपेपर्यंत निवांत चालत राहतो. लाईट गेल्याची बातमी पोचल्यानंतर संपर्क तुटला तर मात्र नट १५ सेकंद वाट बघून यूपीएस मेला असं समजतं आणि मशीन बंद करतं. या मुदतीचं नाव डेडटाइम. स्विच नीट असेल तर तिला हात लावायची गरज नाही.

फाइली, एकेक करून

नट-डॉट-कॉन्फमध्ये एकच ओळ महत्त्वाची: प्रायमरीवर मोड 'नेटसर्व्हर', बाकी सगळीकडे 'नेटक्लायंट'. नट चालूच होत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या निम्म्या लोकांची ही ओळ 'नन'वर राहिलेली असते.

यूपीएस-डॉट-कॉन्फमध्ये यूपीएसला नाव द्या, ड्रायव्हर सांगा आणि पोर्ट 'ऑटो' ठेवा. नामांकित कंपन्यांच्या यूएसबी यूपीएसना बहुधा यूएसबीहिड-यूपीएस हा ड्रायव्हर चालतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ऑनलाइन यूपीएसच्या पोटात मात्र मेगाटेक पद्धतीचा संवाद असतो. त्यांना नटडीआरव्ही-क्यूएक्स लागतो. कोणता ते कळत नसेल तर नट-स्कॅनर चालवा. नेटवर्क कार्डवाला यूपीएस असेल तर एसएनएमपी-यूपीएस.

आता खरी मेख. मेगाटेकवाला यूपीएस बॅटरी किती टक्के उरली हे सांगतच नाही, फक्त व्होल्टेज सांगतो, तेही कधी एका सेलचं. २.१ असा आकडा दिसला तर घाबरू नका. १६ बॅटऱ्यांत ९६ सेल, म्हणून ओव्हरराइड-बॅटरी-पॅक्स ९६ द्या. उरलेला वेळ काढायला रनटाइमकॅल नावाची ओळ असते. तिच्यात आधी सेकंद आणि मग लोडचा टक्का, अशा दोन जोड्या. हॅलोजनच्या चाचणीतून माझी ओळ निघाली ४८००, ३०, १०८००, १५. म्हणजे ३० टक्के लोडवर ८० मिनिटं, १५ टक्क्यांवर तीन तास. मग त्याच फाइलीत इग्नोरएलबी लिहा आणि ओव्हरराइड-बॅटरी-रनटाइम-लो १५०० करा. इग्नोरएलबीमुळे 'बॅटरी संपत आली' ही यूपीएसची स्वतःची हाकाटी बाजूला पडते आणि आपला २५ मिनिटांचा हिशेब चालतो. आमचा यूपीएस ही हाकाटी शेवटची चार मिनिटं उरल्यावर करायचा. चार मिनिटांत माझा डेटाबेससुद्धा बंद होत नाही.

यूपीएसडी-डॉट-कॉन्फमध्ये लिसन या ओळीत प्रायमरीचा आतला आयपी पत्ता आणि पोर्ट ३४९३ द्या. मुळात यूपीएसडी, म्हणजे बातमी वाटणारा प्रोग्रॅम, फक्त स्वतःच्याच मशीनशी बोलतो. फायरवॉलमध्ये हा पोर्ट सर्व्हरच्या पट्ट्यापुरताच उघडा. यूपीएसडी-डॉट-यूझर्समध्ये प्रत्येक सेकंडरीला वेगळं नाव आणि पासवर्ड. हे पासवर्ड साध्या अक्षरांत असतात, तेव्हा फाइल सगळ्यांना वाचता येणार नाही असं बघा.

एवढं झालं की यूपीएससी ही आज्ञा यूपीएसच्या नावासकट चालवा. नाव ऐकून आमच्या कॉम्प्युटर लॅबमधली पोरं हसली होती, पण या यूपीएससीचा निकाल दोन सेकंदांत लागतो: स्थिती, लोड, इनपुट व्होल्टेज, उरलेला वेळ. ओएल म्हणजे लाईटवर, ओबी म्हणजे बॅटरीवर, एलबी म्हणजे बॅटरी संपत आली.

बंद होण्याचा क्रम

यूपीएसमॉन हा यूपीएसवर नजर ठेवून मशीन बंद करणारा प्रोग्रॅम. त्याची यूपीएसमॉन-डॉट-कॉन्फ ही फाइल प्रत्येक मशीनवर असते आणि बहुतेक लोक इथेच मार खातात.

ओबी आणि एलबी एकत्र दिसले की प्रायमरी सगळ्या सेकंडरींना 'आवरा' सांगतं. मग सगळ्यांनी संपर्क सोडण्याची वाट बघतं. किती वेळ, ते होस्टसिंक ठरवतं. मुळात १५ सेकंद. त्यानंतर फायनलडिलेइतका वेळ थांबून, मुळात ५ सेकंद, स्वतः बंद होतं आणि जाताजाता यूपीएसला आउटपुट तोडायला सांगतं. गंमत अशी की सेकंडरी संपर्क सोडतं ते बंद व्हायला सुरुवात करताना, पूर्ण बंद झाल्यावर नाही. मूळ आकड्यांवर सोडलं तर व्हर्च्युअल मशीन अजून आवरत असतात आणि तुमचंच सॉफ्टवेअर त्यांच्या पायाखालची वीज काढतं. सॉफ्टवेअर बसवण्याआधीच बरं चाललं होतं असं म्हणायची वेळ येते.

माझे आकडे असे. व्हर्च्युअल मशीनच्या सर्व्हरवर फायनलडिले ५, तो लगेच आवरायला लागतो. डेटाबेसवर १८०, म्हणजे त्याच्याशी बोलणारी ॲप्लिकेशन आधी थांबायला लागतात. १८० अधिक २५० सेकंद म्हणजे ४३० ला तो बंद. स्टोरेजवर ४८०, तोवर वरचे दोघंही गेलेले असतात. प्रायमरीवर होस्टसिंक ५४०, कारण सेकंडरीचा फायनलडिले होस्टसिंकपेक्षा मोठा झाला की प्रायमरी त्याची वाट बघणं सोडून देतं. आणि प्रायमरीवर फायनलडिले २४०, स्टोरेजच्या तीन मिनिटांसाठी. ४८० अधिक २४०, एकूण ७२० सेकंद. वर सांगितलेली १२ मिनिटं ती हीच.

चाचणीचे सर्व्हर, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग अशी बिनमहत्त्वाची मशीन एवढा वेळ चालू ठेवायची गरज नाही. नटच्याच यूपीएसशेड या टायमरच्या साधनात लाईट गेल्यावर ३०० सेकंदांचा टायमर सुरू करा, लाईट आली की रद्द करा, आणि टायमर संपला तर ती बंद करा. त्यासाठी ऑनबॅट आणि ऑनलाइन या दोन्ही घटनांच्या नोटिफायफ्लॅगमध्ये एक्झेक हवं. ते विसरलं की टायमर कधी सुरूच होत नाही आणि माणूस तासभर फाइल बघत बसतो.

लाईट आल्यावर

प्रायमरीवर पॉवरडाउनफ्लॅगची ओळ हवीच. तिच्यामुळे शेवटी यूपीएसचं आउटपुट खरोखर तुटतं. सर्व्हर आवरत असताना मध्येच लाईट आली तरी तुटतं आणि थोड्या वेळानं परत येतं. हे नसेल तर मशीन बंद, यूपीएस चालू आणि लोड नसलेला यूपीएस स्वतःच उरलीसुरली बॅटरी खातो. तोडायला किती सेकंद आणि परत द्यायला किती, हे ऑफडिले आणि ऑनडिले ठरवतात. यूएसबीहिडमध्ये मुळात २० आणि ३०, आणि दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठाच हवा. तुमचा यूपीएस लाईट आल्यावर खरंच आपोआप आउटपुट देतो का, हे प्रत्यक्ष करून बघा. काही स्वस्त मॉडेल बटण दाबल्याशिवाय उठत नाहीत.

सर्व्हरच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते: चालू हो, आधीच्या स्थितीत जा, बंदच राहा. सगळे लेख 'चालू हो' सांगतात. मी सगळ्या सर्व्हरवर 'बंदच राहा' ठेवलं आहे. उठतो तो फक्त रास्पबेरी पाय, वीज मिळाली की त्याला दुसरा इलाज नसतो.

मग तो वाट बघतो. किती? इथे टक्क्यांवर विसंबू नका. चार्जिंग सुरू झालं की बॅटरीचं व्होल्टेज लगेच चढतं आणि व्होल्टेजवरून काढलेला टक्का पाच-दहा मिनिटांत ९० दाखवायला लागतो. ती सूज असते. वेळ मोजा. आमची बँक लोडवर सुमारे ८ अँपिअर देते आणि चार्जर तिला अडीच-पावणेतीन अँपिअर परत भरतो, म्हणजे खर्चाच्या तिप्पट वेळ. बंद होताना खर्च झालेली १२ मिनिटं भरून यायला ३६ मिनिटं. मी ४० ठेवली आहेत. पायवरची एक छोटी स्क्रिप्ट दर मिनिटाला यूपीएससी चालवते, सलग ४० वेळा ओएल दिसलं की आयपीएमआयवरून आधी स्टोरेजला उठवते, तीन मिनिटांनी डेटाबेस, मग बाकीचे. मध्ये एकदा जरी लाईट गेली तर मोजणी पुन्हा शून्यापासून. ४० मिनिटांनंतर लगेच लाईट गेली तरी आणखी एकदा नीट बंद होण्याइतकी बॅटरी हाताशी असते.

कामाच्या वेळेत ४० मिनिटं म्हणजे काउंटरसमोर रांग आणि आरडाओरडा. जनरेटर चालू असेल तर स्क्रिप्टला डावलून हातानं चालू करायची सोय ठेवली आहे, पण ती फक्त माझ्याकडे आणि एका सहकाऱ्याकडे आहे.

जनरेटरचा विषय निघालाच आहे तर: एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की छोट्या जनरेटरची फ्रीक्वेन्सी गचका खाते, यूपीएसला ती वीज पसंत पडत नाही आणि तो काही सेकंद बॅटरीवर जातो. तासाला वीस संदेश येतात. संदेशाचा टायमर ३० सेकंदांचा करा आणि यूपीएसच्या पॅनेलवर जनरेटरसाठी वेगळी सेटिंग असेल तर ती वापरा.

मे महिन्याचं भूत

एका उन्हाळ्यात लॉगमध्ये 'डेटा स्टेल' (यूपीएसकडून ताजे आकडे येत नाहीत) असा संदेश दुपारी-दुपारी यायला लागला. केबल बदलली, पोर्ट बदललं, ड्रायव्हर बदलला. शेवटी वायरमननं न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजलं तर १४. आपली काळी माती उन्हात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो आणि सगळा गोंधळ यूएसबीच्या केबलमधून बोलायला लागतो. खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं, संध्याकाळी आकडा ३ वर. टँकरच्या दिवसांत खड्ड्यात पाणी ओतताना मामांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती अजून लक्षात आहे. आता एसीच्या पाण्याची नळी थेट त्या खड्ड्यात सोडली आहे.

यूपीएसलॉगही चालू ठेवा. मुळात तो दर ३० सेकंदांना इनपुट व्होल्टेज लिहून ठेवतो. शेतीपंप सुरू झाल्यावर व्होल्टेज किती पडतं आणि पंप एकदम बंद झाल्यावर किती उसळतं याचा तारीखवार कागद घेऊन महावितरणच्या कार्यालयात गेलात तर बोलणं लवकर मुद्द्यावर येतं. जालन्यासारख्या ठिकाणी भट्ट्यांच्या जवळ असाल तर हा लॉग महिनाभर आधी काढा आणि मगच यूपीएस निवडा.

चाचणी

थेट मेन स्विच पाडू नका. पहिल्या फेरीत डमी-यूपीएस हा ड्रायव्हर लावा; तो एका साध्या फाइलीतून आकडे वाचतो. त्या फाइलीत स्थिती ओबी एलबी करा. सगळ्या मशीनवरच्या यूपीएसमॉनच्या फाइलीतल्या शटडाउनसीएमडी या ओळीत खऱ्या आज्ञेऐवजी वेळ लिहून ठेवणारी ओळ टाका. कोण कोणत्या सेकंदाला बंद झालं असतं, ते कागदावर येईल. माझ्या पहिल्या फेरीत स्टोरेज सगळ्यात आधी गेलं होतं, कारण त्याच्या फाइलीत फायनलडिलेच्या ओळीपुढचं टिपणीचं चिन्ह काढायचं राहिलं होतं.

दुसऱ्या फेरीत खऱ्या आज्ञा परत घाला, खरा ड्रायव्हर लावा आणि प्रायमरीवरून यूपीएसमॉनला एफएसडी, म्हणजे सक्तीनं बंद करण्याची आज्ञा, द्या. आता सगळं खरंच बंद होतं आणि एकदा सुरू झालं की मागे घेता येत नाही, तेव्हा रविवार आणि बॅकअप. तिसऱ्या फेरीत मेन स्विच पाडा, पूर्ण बंद होऊ द्या, परत टाका, दहा मिनिटांनी पुन्हा पाडा. सर्व्हर एकदाही उठले नाहीत तर पास.

बॅटऱ्या बदलल्या की हॅलोजन पुन्हा आणायचे आणि रनटाइमकॅल नव्यानं लिहायची. न बदलल्या तरी दर दिवाळीला. आणि यूपीएसवर मराठीत एक कागद चिकटवा. आमच्याकडचा मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला आहे: "लाईट आली तरी ४० मिनिट कोणीही बटन दाबू नये. पाय जागा हाय."